निनांवी नट : बोरिस कार्लोफ

१९३१ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २१ तारखेस युनिव्हर्सल कंपनीचा 'फ्रँकेन्स्टाइन' हा बोलपट अमेरिकेंत प्रदर्शित झाला. चित्राच्या आरंभीं पात्रांचीं व नटांचीं नांवें पडद्यावर येतात, तशीं तीं येथेंहि आलीं. शास्त्रज्ञासमोर कोलिन क्लाइव्ह, त्याच्या वाग्दत्त वधूसमोर मे क्लार्क, असें वाचीत प्रेक्षक 'राक्षस' या पात्रापाशीं पोंचले, तों त्यासमोर नटाचें नांवच नव्हतें. होतें तें केवळ एक प्रश्नचिन्ह! प्रेक्षकांचें कुतूहल चाळविण्याची ही कंपनीची क्लृप्ति होती. चित्र संपल्यावर तीच यादी पुन्हां झळकली, तींत मात्र उत्तर दिलेलें होतें : बोरिस कार्लोफ. या नटाचा चव्वेचाळिसावा वाढदिवस त्या वेळीं दोन दिवसांवर आला होता. वीस वर्षें त्यानें नाटकांत व चित्रांत पडेल तें काम केलें होतें, आणि चित्राच्या उद्घाटनाच्या समारंभास त्याला बोलावणेंहि नव्हतें.

फ्रँकेन्स्टाइन हें राक्षसाचें नांव आहे असा समज आज सार्वत्रिक झाला आहे. तो चुकीचा आहे. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची मूळ कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत हें नांव राक्षसाला घडविणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचें आहे. घडविलेल्या प्राण्याला त्या निर्मात्यानें नांवच ठेविलें नाहीं, त्याच्याकडे पाहतांच तो पळून गेला. अशा निनांवी प्राण्याचें सोंग निनांवी नटाकडे जावें हा एक योगायोग. आणि शेवटच्या यादींत झळकलेलें नांवहि त्या नटाचें घरचें नसावें हा दुसरा. त्याचें घरचें नांव होतें विल्यम हेन्री प्रॅट. नांव रशियन वळणाचें असलें, तरी त्याच्या घराण्याचा रशियाशीं कांहीं संबंध असल्याचें दिसून आलेलें नाहीं. ज्या भूमीशीं तो संबंध होता, ती भूमि म्हणजे आपला जुना मुंबई इलाखा.

हा धागा अहमदनगरापासून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरापासून, उलगडावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील फौजेंत थॉमस एडवर्ड्स नांवाचा एक सार्जंट होता. त्याची बायको मेरी ॲन ग्लासकॉट ही मुंबईच्याच पलटणींतील एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. मेरी ॲनची आई हिंदी अथवा मिश्र रक्ताची असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. या जोडप्यास दोन मुली झाल्या. थोरली एलायझा, धाकटी ॲन ही बाप वारल्यानंतर १८३१ सालीं अहमदनगरास जन्मली. हीच पुढें ॲना लिओनोवेन्स या नांवानें प्रसिद्धीस आली. पुण्यास १८४९ सालीं तिचें लग्न झालें. पुढें वैधव्य आल्यावर १८६२ सालीं सयामच्या राजाच्या, मोंगकुटच्या, राजवाड्यांत ती शिक्षिका म्हणून गेली, आणि तेथील अनुभवांवर तिनें ग्रंथ लिहिले. आपला जन्म वेल्समधील कारनार्व्हन येथें चांगल्या कुळांत झाला, असें तिनें जगाला सांगितलें. अहमदनगरचें नांव तिनें आपल्या चरित्रांतून पुसून टाकलें, बहिणीच्या कुटुंबाशीं संबंध तोडले, आणि हें रहस्य तिच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ, १९७० नंतरच्या दशकापर्यंत, अबाधित राहिलें.

हें तिनें कां केलें, हें समजण्यासाठीं त्या काळचा दंडक ध्यानांत घेतला पाहिजे. १७९१ सालीं कंपनी सरकारनें असा हुकूम काढला कीं, ज्याची आई अथवा बाप हिंदी आहे त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेंत अधिकाराची जागा मिळूं नये. कायद्याचीं कलमें पुढें सैल झालीं. परंतु समाजाचीं कलमें तितक्या लौकर सैल होत नाहींत. मिश्र रक्ताच्या माणसाला गोरे आपल्या पंक्तीस घेत नसत व हिंदी लोकहि आपला म्हणत नसत. ज्याला वर चढावयाचें असेल त्यानें आजीचें नांव काढूं नये, हा अशा घरांतील अलिखित नियमच होऊन बसला.

ॲनाची बहीण एलायझा हिनें मिलर्ड नांवाच्या सैनिकाशीं लग्न केलें. त्यांची मुलगी एलायझा सारा हिचें लग्न १८६४ सालीं सुरतेस एडवर्ड जॉन प्रॅट याजबरोबर झालें. हा सरकारच्या मिठावरील जकातीच्या खात्यांत नोकरीस होता, आणि त्याच्याहि घराण्यांत हिंदी रक्त असावें असें चरित्रकार म्हणतात. या जोडप्याचें शेंडेफळ विल्यम हेन्री. तें कुटुंब इंग्लंडांत येऊन राहिल्यावर २३ नोव्हेंबर १८८७ रोजीं लंडनच्या कॅम्बरवेल भागांत तो जन्मला. घरांत त्याला बिली म्हणत. नऊ भावंडांतला हा नववा. थोरले भाऊ हुशार निघाले आणि सरकारी सेवेंत शिरले. जॉन चीनमधील वकिलातीच्या सेवेंत गेला व पुढें परराष्ट्र खात्यांत चिनी प्रश्नांचा जाणकार म्हणून सर झाला. फ्रेडरिक ग्रेव्हिल हा आय. सी. एस. होऊन मुंबई इलाख्यांत आला.

हा फ्रेडरिक म्हणजेच गुजरातच्या इतिहासांत येणारे उत्तर भागाचे कमिशनर मिस्टर प्रॅट. १९१८ सालच्या मार्चमध्यें अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप गांधीजींच्या उपोषणानंतर मिटला, त्या समारंभास हे कमिशनर हजर होते; आणि कामगारांनीं नेहमीं गांधींच्या सल्ल्यानें चालावें असा उपदेश त्यांनीं केला. महिना उलटतो न उलटतो तोंच खेडा जिल्ह्यांत पिकें बुडाल्यामुळें साराबंदीची चळवळ उभी राहिली. त्या वेळीं याच कमिशनरांनीं शेतकऱ्यांना गांधींचा सल्ला ऐकूं नका असें बजावलें व जमिनी जप्त होतील असा धाक घातला. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत या बदलाची नोंद मिस्किलपणें केली आहे. एक भाऊ असा सरकारचें निशाण धरून गुजरातेंत उभा असतां, सर्वांत धाकटा भाऊ कॅलिफोर्नियांत एका फिरत्या नाटक मंडळींत पोटापुरती कमाई करीत होता, आणि त्यानें घरचें आडनांव केव्हांच टाकून दिलें होतें.

तें कां टाकलें, याला बालपणापासूनची गोष्ट आहे. आईबापांचें छत्र बिलीला फारसें लाभलें नाहीं. सावत्र बहीण एमा हिनें त्याला एन्फील्ड येथें वाढविलें. पाय किंचित् फेंगडे, वर्ण सांवळसर, जिभेला बोबडेपणा आणि त्यांत भर म्हणून तोतरेपणा. असा मुलगा इंग्लिश शाळेंत किती चिडविला गेला असेल, हें ज्यानें वर्गाचा कारभार पाहिला आहे त्याला निराळें सांगावयास नको. तोतरेपणा त्यानें कष्टानें घालविला. 'स'चा उच्चार मात्र जन्मभर किंचित् बोबडा राहिला, आणि पुढें तोच त्याच्या आवाजाचा विशेष ठरला. नऊ वर्षांचा असतां चर्चच्या नाताळच्या नाटकांत त्यानें सिंडरेलाच्या गोष्टींतील राक्षसराजाचें काम केलें. गोष्टींत राजपुत्रहि असतो. तें काम त्याला मिळालें नाहीं, आणि पुढें साठ वर्षें मिळालें नाहीं.

अपिंगहॅम, मर्चंट टेलर्स आणि लंडनचें किंग्ज कॉलेज असा विद्याक्रम भावांनीं त्याच्यासाठीं आंखून दिला होता. शेवटीं जॉनप्रमाणें वकिलातीची परीक्षा. परंतु बिलीचें लक्ष पुस्तकांत कमी व नाट्यगृहांत अधिक. त्याचा एक भाऊ जॉर्ज कांहीं काळ रंगभूमीवर चमकून व्यापारांत शिरला होता. बिलीच्या डोळ्यांपुढें तो आदर्श होता. परीक्षेंत आपला निभाव लागणार नाहीं हें स्पष्ट दिसूं लागल्यावर १९०९ सालीं तो कानडांत निघून गेला. ऑस्ट्रेलियास जावें कीं कानडांत, याचा निकाल त्यानें नाणें उडवून लावला असें तो पुढें सांगे. आरंभीं त्यानें शेतावर मजुरी केली, मग खड्डे खणले, कोळसा उपसला. इंग्लंडांत आपण पुष्कळ नाटकें केलीं आहेत अशी थाप मारून १९११ सालीं त्यानें एका दलालामार्फत ब्रिटिश कोलंबियांतील कॅम्लूप्स गांवीं असलेल्या नाटक मंडळींत जागा मिळविली. तिकडे जातांना आगगाडींतच त्यानें नवें नांव धारण केलें. कार्लोफ हें आपल्या आईच्या घराण्यांतील जुनें आडनांव, असें तो सांगत असे. घराण्याच्या कागदांत मात्र तें नाहीं. मावसआजीनें वेल्स शोधून काढलें होतें. नातवानें रशिया शोधून काढला. फरक एवढाच कीं, तिला वर चढावयाचें होतें, आणि याला आपल्या नाटकी धंद्यामुळें साहेब भावांच्या नांवास बट्टा लागूं द्यावयाचा नव्हता.

पहिल्याच प्रयोगांत थाप उघडी पडली. पडदा वर गेला तेव्हां आपला पगार आठवड्यास तीस डॉलर होता, आणि पडदा पडला तेव्हां तो पंधरावर आला होता, असें तो हंसत सांगे. तथापि त्यानें चिकाटी सोडली नाहीं. हॅरी सेंट क्लेअर याच्या मंडळीबरोबर उत्तर डाकोटांतील मायनॉट या गांवीं त्यानें सुमारें वर्ष काढलें. गांव लहान, प्रेक्षक तेच ते, म्हणून आठवड्यास दोन नवीं नाटकें बसवावीं लागत. सकाळीं पाठांतर, दुपारीं तालीम, रात्रीं प्रयोग. हीच त्याची खरी शाळा झाली. म्हातारे, चोर, धर्मोपदेशक, कारस्थानी दिवाण, जें मिळेल तें सोंग त्यानें घेतलें. पुढें चित्रपटांत ज्याला लोक 'भीतीचा बादशहा' म्हणूं लागले, त्याच्या अंगची सावकाश चाल, थांबून बोलणें, हाताचा मोजका उपयोग, यांपैकीं पुष्कळ कसब या गांवोगांवच्या तंगींत कमावलेलें होतें.

१९१९ च्या सुमारास तो हॉलिवुडांत आला. गर्दींतला एक म्हणून उभें राहण्याचे दिवसाला पांच डॉलर मिळत. काम नसे तेव्हां इमारतीच्या सामानाचा ट्रक हांकून व जड पिंपें उचलून तो दिवस काढी. चेहऱ्याचा वर्ण व ठेवण पाहून दिग्दर्शक त्याला पौर्वात्य पात्रें देत. किप्लिंगच्या हिंदुस्थानांतील कथेवर १९२१ सालीं निघालेल्या एका मूकपटांत तो अहमद खान झाला. १९२२ सालीं दुसऱ्या एका चित्रांत 'महाराजा जहान धारवार' झाला. धारवाडला महाराजा असतो ही कल्पना हॉलिवुडला शोभण्यासारखीच! अरब, मेक्सिकन, मलायी, सुदानी नोकर हीं सोंगें तर किती घेतलीं याची गणती नाहीं. ज्या रक्ताचा उच्चारहि घरांत होत नव्हता, त्याच्याच जोरावर धाकट्या प्रॅटाची चूल पेटत होती. त्याला स्वतःला या विनोदाची कितपत जाणीव होती? आपल्या हिंदी वंशाविषयीं तो चारचौघांत बोलत नसे, एवढें खरें.

लॉन चेनी हा त्या काळचा बहुरूपी नटश्रेष्ठ. त्यानें एकदां रस्त्यानें पायीं जाणाऱ्या कार्लोफला आपल्या मोटारींत घेतलें, आणि इतरांना जमणार नाहीं अथवा जें करण्यास इतर तयार होणार नाहींत तें शोधून काढ, असा सल्ला दिला, ही आठवण कार्लोफ कृतज्ञतेनें सांगत असे. १९३० सालीं 'क्रिमिनल कोड' या नाटकांत सूडानें पेटलेल्या कैद्याचें काम त्याला मिळालें. त्याच नाटकाच्या बोलपटांतहि तें त्याच्याकडेच राहिलें. बोलणें थोडें, परंतु पाठमोरा चालतांनाहि या कैद्याची दहशत वाटे. लौकरच युनिव्हर्सलच्या उपाहारगृहांत तो जेवीत बसला असतां दिग्दर्शक जेम्स व्हेल यानें त्याला आपल्या टेबलावर बोलाविलें आणि राक्षसाच्या कामाची चांचणी देशील का असें विचारलें. त्या दिवशीं आपण चांगला पोशाख करून, नीटनेटके होऊन आलों होतों, म्हणून मनाला थोडें लागलें, असें कार्लोफ सांगे. परंतु काम हें काम होतें.

रंगभूषाकार जॅक पिअर्स यानें या चेहऱ्यासाठीं कित्येक रात्री कार्लोफच्या तोंडावर प्रयोग केले. त्याची विचारसरणी शाळेंतल्या भूमितीसारखी साधी होती. ज्याला शस्त्रक्रियेचा सराव नाहीं असा शास्त्रज्ञ मेंदू बसविण्यासाठीं कवटी वरून सरळ कापील व डब्याचें झांकण लावावें तशी बसवील. म्हणून माथा सपाट. वीज मानेंतून आंत जाईल; म्हणून मानेला दोन्हीकडे धातूचे खुंट. कोटाच्या बाह्या आंखूड. म्हणजे हात लांब दिसतात. चेहऱ्यावरचा हिरवट करडा रंग पडद्यावर प्रेतासारखा फिका उमटे. दोन गोष्टी मात्र नटाच्या होत्या. डोळे फार जिवंत व समजूतदार दिसतात असें त्याला वाटलें, म्हणून पापण्यांवर मेणाचा जड थर देण्याची सूचना त्यानें केली. आणि तोंडांतील बसविलेले दांत काढून एक गाल आंत ओढून घेतला. रोज चार तासांच्या आसपास ही सजावट चाले आणि मग जाड तळाचे अवजड बूट चढवून, ऐन उन्हाळ्यांत, दिव्यांच्या झोतांत काम.

या राक्षसाला चित्रांत एकहि शब्द नाहीं. कादंबरींतील राक्षस ग्रंथ वाचतो व वकिलासारखा वाद घालतो. चित्रांतला नुसता कण्हतो. असें असतां तो लोकांच्या स्मरणांत राहिला, याचें कारण एका दृश्यांत सांपडतें. अंधारकोठडींत ठेवलेल्या त्या प्राण्याच्या डोक्यावरचें झरोक्याचें दार शास्त्रज्ञ प्रथमच उघडतो. प्रकाश खालीं येतो. राक्षस हळूहळू मान वर करतो, उठतो, आणि दोन्ही हात वर नेऊन तो प्रकाश मुठींत धरूं पाहतो. झरोका बंद होतो. तेव्हां तो निर्मात्यासमोर तेच हात पसरतो, कांहीं तरी परत मागितल्यासारखे. एवढेंच. भयपट पाहण्यास आलेल्या प्रेक्षकाला येथें प्रथम समजतें कीं, ज्याला आपण भ्यावयाचें तो तान्हें मूल आहे. नांव नाहीं, भाषा नाहीं, बापानें टाकलेलें. कार्लोफनें पुढें अनेकदां सांगितलें कीं, लहान मुलांचीं पत्रें त्याला येत आणि त्यांत राक्षसाची भीति नसे, कींव असे.

दुसरें दृश्य तळ्याकांठचें. मारिया नांवाची चिमुरडी मुलगी राक्षसाला न भितां फुलें देते; दोघे मिळून तीं पाण्यांत तरंगत सोडतात. फुलें संपतात. मुलगीहि फुलासारखी तरंगेल अशा समजुतीनें तो तिला उचलून पाण्यांत टाकतो, आणि ती बुडते तेव्हां भांबावून जातो. मुलीला असें फेंकूं नये, असा कार्लोफचा दिग्दर्शकाशीं मतभेद झाला होता. परिनिरीक्षकांनीं पुढें तिला उचलण्यापाशींच दृश्य कापलें. त्याचा परिणाम उलटाच झाला. पडद्यावर मुलीकडे जाणारे हात, आणि नंतर एकदम बापाच्या हातांतलें तिचें प्रेत, यांतून प्रेक्षकांनीं नाहीं नाहीं तें तर्क केले. कापलेला भाग १९८० नंतरच्या दशकांत पुन्हां जोडण्यांत आला. कात्रीनें सभ्यता राखतां येते असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

या चित्रानें कार्लोफला नांव दिलें व कायमचें दुखणेंहि दिलें. शास्त्रज्ञाला खांद्यावर टाकून टेकडीवरील पवनचक्कीपर्यंत चढण्याचें दृश्य व्हेलनें पुन्हां पुन्हां घेतलें. कार्लोफच्या पाठीला तेव्हां जी इजा झाली ती जन्मभर पुरली. एका वेळीं सजावटीसह त्याचा कामाचा दिवस सलग पंचवीस तासांचा झाला. त्या काळीं नटानें किती तास काम करावें याला कायदा नव्हता, जेवणाची सुटी ठरलेली नव्हती, आणि तक्रार करणाऱ्यास दुसरें काम मिळेल याचा भरंवसा नव्हता. १९३३ सालीं नटांनीं आपला संघ स्थापन केला, तेव्हां त्याच्या संस्थापकांत कार्लोफ होता. त्याच्या सभासदत्वाचा क्रमांक नववा. स्वतः नामांकित झाल्यावर, म्हणजे ज्या वेळीं मनुष्य सामान्यतः असल्या भानगडींतून अंग काढून घेतो त्या वेळीं, तो यांत पडला हें विशेष. कंपन्या नाराज झाल्या तर गमवावयाचें त्याला पुष्कळ होतें. १९३७ सालीं कंपन्यांनीं संघाशीं करार केला, आणि गर्दींतल्या नटालाहि कामाच्या तासांची व विश्रांतीची हमी मिळाली. कार्लोफ पुढेंहि कित्येक वर्षें संघाच्या कार्यकारी मंडळावर राहिला. पडद्यावर गळे दाबणारा हा गृहस्थ संघाच्या सभेंत हलक्या आवाजांत, नेमस्तपणें बोले. घरीं तो बागेंत रमे; व्हायोलेट नांवाचें एक डुक्कर त्यानें पाळलें होतें; आणि ऑब्रे स्मिथ या वृद्ध इंग्रज नटानें काढलेल्या हॉलिवुड क्रिकेट क्लबांत तो आवडीनें जाई.

त्याच १९३३ सालीं एका चित्रासाठीं तो लंडनला गेला. चोवीस वर्षांनीं मायदेशीं पाऊल पडत होतें. भाऊ आतां वृद्धत्वाकडे झुकलेले, मानमरातब मिळविलेले. आणि आपण परदेशीं आडनांव लावून प्रेतांचीं सोंगें घेणारा! त्यांच्यासमोर उभें राहण्याची त्याला मनांतून धास्ती होती. त्याच्या स्वागतासाठीं झालेल्या मेजवानींत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनीं भावांसह चित्र घेण्याची इच्छा दाखविली. कार्लोफ ओशाळला, सर जॉनसारख्याला हें कसें विचारावें? पण त्यानें चांचरत शब्द काढला मात्र, तों ते साहेब लोक उठून शेकोटीपाशीं रांग लावूं लागले, आणि कोणी कोठें उभें राहावें यावरून आपसांत शाळकरी मुलांसारखे वाद घालूं लागले. आपल्या आयुष्यांतील अत्यंत आनंदाचा तो क्षण होता, असें कार्लोफ सांगत असे. तें छायाचित्र आज उपलब्ध आहे. भाऊ कडक कपड्यांत उभे आहेत, आणि सांवळ्या, लांबोड्या चेहऱ्याचा धाकटा त्यांच्यामध्यें बसतो असा कीं, तो त्यांचाच आहे याविषयीं संशय राहूं नये.

यानंतरच्या चित्रांची जंत्री देण्यांत अर्थ नाहीं. तीं शंभरांवर आहेत व त्यांतलीं कित्येक टाकाऊ आहेत. १९३२ सालच्या 'ममी' मधील हजारों वर्षांपूर्वींचा मिसरी पुरोहित, आणि १९३५ सालच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' मधला पुन्हां आलेला राक्षस, हीं दोन चित्रें पाहण्यासारखीं. या दुसऱ्या चित्रांत राक्षसाला बोलावयास लावलें, हें कार्लोफला आवडलें नव्हतें; परंतु आंधळ्या संन्याशाच्या झोपडींत तो 'मित्र' हा शब्द शिकतो, तें दृश्य पाहिल्यावर या बाबतींत नट चुकला व दिग्दर्शक बरोबर ठरला असेंच म्हणावें लागतें. याउलट १९३२ सालचें 'फू मान्चू' हें चित्र त्याच्या लौकिकास कमीपणा आणणारें होय. त्यांत त्यानें गोऱ्या लोकांच्या नाशाची प्रतिज्ञा करणारा क्रूर चिनी रंगविला, आणि सबंध एका राष्ट्राविषयीं द्वेष पसरविणाऱ्या त्या कथानकाला आपलें कसब पुरविलें. तिकडे लंडनांत त्याचा सख्खा भाऊ परराष्ट्र खात्याला चीनविषयीं शहाणपणाचा सल्ला देत होता!

१९३९ सालच्या तिसऱ्या चित्रानंतर त्यानें चित्रपटांत राक्षसाचें सोंग पुन्हां घेतलें नाहीं. त्यांतील राक्षस नुसता हाणामारीचा यंत्र झाला आहे, यापुढें त्यांत करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, हें त्यानें ओळखलें. त्या चित्राचें काम चालूं असतांनाच, २३ नोव्हेंबर १९३८ रोजीं, म्हणजे त्याच्या एकावन्नाव्या वाढदिवशीं, त्याला मुलगी झाली. तिचें नांव सारा. आपल्या आजीचेंच नांव तिला मिळालें.

न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तो १९४१ सालच्या जानेवारींत प्रथम उभा राहिला, तो 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या विनोदी नाटकांत. तालमींत त्याचा जुना तोतरेपणा भीतीनें पुन्हां डोकें वर काढूं लागला होता. काम सोडून पळावें असें त्याला वाटलें. पण प्रयोगांत त्यानें बाजी मारली. नाटकांतला खुनी भाऊ सांगतो कीं, मीं त्या माणसाला ठार केलें, कारण तो म्हणाला मी बोरिस कार्लोफसारखा दिसतों. आणि हें वाक्य प्रत्यक्ष कार्लोफच्या तोंडून ऐकतांना नाट्यगृह डोक्यावर घेतलें जाई. स्वतः धारण केलेल्या नांवाची स्वतःच अशी थट्टा रोज रात्रीं करावयास मोठें मन लागतें. पुढें १९४५-४६ सालीं निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या हाताखालीं त्यानें तीन चित्रें केलीं. त्यांपैकीं 'बॉडी स्नॅचर' या, स्टीव्हन्सनच्या कथेवरील चित्रांत प्रेतें पुरविणाऱ्या गाडीवाल्याचें काम त्यानें केलें आहे. येथें मेण नाहीं, खुंट नाहींत. एक गरीब, लाचार, हंसतमुख आणि द्वेषानें कुजलेला मनुष्य, तेवढाच. ज्या श्रोत्यांना कार्लोफचें एकच चित्र पाहण्यास सवड असेल, त्यांनीं 'फ्रँकेन्स्टाइन' नंतर हें पाहावें.

याच सुमारास, १९४६ सालीं, हॉलिवुडांत ॲना लिओनोवेन्सच्या सयाममधील आयुष्यावर मोठा बोलपट निघाला; १९५६ सालीं त्याच कथेचा संगीत बोलपट आला व जगभर गाजला. दोन्ही चित्रांत ॲना अस्सल इंग्रज स्त्री म्हणूनच दाखविली आहे. अहमदनगरच्या सार्जंटाच्या दोन मुली. एकीची स्वतःची काल्पनिक जीवनकथा आणि दुसरीचा नातू, दोघेंहि एकाच गांवच्या पडद्यावर एकाच वेळीं वावरत होतीं, आणि तीं एकमेकांचीं कोण हें प्रेक्षकांना ठाऊक नव्हतें.

म्हातारपणींहि त्यानें काम सोडलें नाहीं. १९५५ सालीं जोन ऑफ आर्कवरील 'लार्क' या नाटकांत बिशप कोशाँचें काम करून त्यानें गंभीर टीकाकारांची वाहवा मिळविली. १९६६ सालीं मुलांसाठीं निघालेल्या 'ग्रिंच' या नाताळच्या चित्रकथेला त्यानें आवाज दिला. शाळेंत ज्या आवाजाची टर उडविली जाई, तो आतां अमेरिकेंतील घरोघरचीं मुलें दर नाताळांत ऐकूं लागलीं. संधिवात व फुप्फुसांचा विकार बळावल्यावर तो पायांना आधाराच्या पट्ट्या लावून काम करी. १९६८ सालीं पीटर बोगडॅनोविच या तरुण दिग्दर्शकानें 'टार्गेट्स' या चित्रांत त्याला अशा एका वृद्ध भयपट-नटाचें काम दिलें, कीं ज्याला वाटतें आपल्या राक्षसांना आतां कोणी भीत नाहीं, कारण वर्तमानपत्रांतल्या बातम्या त्यांहून भयंकर झाल्या आहेत. त्याच्या शेवटच्या कामांपैकीं हें एक. आणि येथें त्यानें जवळजवळ कोणतेंहि सोंग घेतलेलें नाहीं.

२ फेब्रुवारी १९६९ रोजीं इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील मिडहर्स्टच्या रुग्णालयांत, वयाच्या एक्याऐशींव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. कायद्यानें त्यानें आपलें नांव कधींच बदललें नव्हतें. सरकारी कागदावर सही करण्याची वेळ आली कीं तो 'विल्यम एच. प्रॅट' अशी सही करी, आणि 'ऊर्फ' लिहून पुढें दुसरें नांव जोडी. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागांत नटांचें म्हणून ओळखलें जाणारें सेंट पॉलचें देऊळ आहे. तेथें त्याच्या स्मरणार्थ भिंतींत बसविलेल्या पाटीवर बोरिस कार्लोफ हें नांव कोरलेलें आहे.